पारकर डोंगरीला आलेच नव्हते

आमच्या जर्नलचा एक नियम आहे. ज्या माणसांविषयी लेख लिहिला, त्यांच्यासमोर तो आधी मोठ्यानं वाचायचा आणि मगच छापायचा. शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंत, काही न गाळता. ऐकणाऱ्यांनी 'हे असं नाही' म्हटलं, की लेखकानं परत कामाला लागायचं. 'लोकपरिसर' निघाला तेव्हापासून हे चालत आलंय. मानवशास्त्राचं जर्नल मराठीतून काढायचं, समोरच्याला कळेल अशा भाषेत लिहायचं आणि त्यालाच ऐकवायचं नाही, ही कसली रीत?

या नियमामुळे आमचे लेख उशिरा निघतात, हे खरंच आहे. खारी गावातल्या लग्नांवरचा लेख तर तीन वर्षं अडकला. हळदीचा मान कुणाचा, यावर दोन भावक्यांत वाद होता आणि दर वाचनाला नवीन काका उभे राहत. पण तो लेख निघाला तेव्हा दोन्ही भावक्यांनी प्रती नेल्या.

संस्थेत नवे संशोधन संचालक आले, डॉक्टर चंदन. हुशार माणूस, कामाला वाघ, बोलणं गोड. पहिल्याच भेटीत त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मॅडम, तुमचा इम्पॅक्ट फॅक्टर शून्य पूर्णांक एक आहे."

"म्हणजे काय, ते मला कळेल असं सांगा."

"गेल्या दोन वर्षांत तुम्ही जेवढे लेख छापले, त्यांचा उल्लेख यंदा इतर लेखांमधून किती वेळा झाला, ते मोजायचं. भागिले लेखांची संख्या. तुमचे दहा लेख, उल्लेख एक."

"कुणी केला?"

"काय कुणी केला?"

"तो एक उल्लेख."

"ते महत्त्वाचं नाहीये, मॅडम," चंदन हसले. "आकडा महत्त्वाचा आहे. ईश्वरभाईंना मी सांगून आलोय, वर्षभरात एकच्या वर नेतो म्हणून. नाही गेला, तर ते जर्नल बंद करतील. मी तुमचं जर्नल वाचवायला बसलोय, हे लक्षात घ्या."

ईश्वरभाई म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. भाईंदर पूर्वेला ज्या इमारतीत आमचं कार्यालय आहे, ती त्यांच्या वडिलांनी संस्थेला दिलेली. त्यांना मानवशास्त्रात रस नाही आणि आमच्याशी वैरही नाही. चालतंय तोवर चालू द्यावं, असा माणूस. पण आकडा हा शब्द त्यांना कळतो.

चंदननी उपायही आणला होता. दर अंकातल्या प्रत्येक लेखकाला सांगायचं, की आपल्याच जर्नलमधल्या गेल्या दोन वर्षांतल्या पाच लेखांचे संदर्भ तुमच्या लेखात घाला. घातले तरच लेख निघेल.

"आणि त्या लेखांचा संबंध नसला तर?"

"लावता येतो, मॅडम. सगळे लावतात."

मी म्हटलं, विचार करून सांगते. माझा आवाज मुळातच बारीक. वर्गात शिकवायचे तेव्हाही शेवटच्या बाकांवरची मुलं पुढं येऊन बसत. चंदनना वाटलं असावं, या बाई आता काही बोलायच्या नाहीत.

आता पुढं जे झालं ते समजायला एक गोष्ट सांगायला हवी. सकाळी उठल्यापासून पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या आधीपासूनचं व्रत आहे. घरात सवय आहे, शेजारच्या हिनाबेनना ठाऊक आहे, दूधवाल्यालाही ठाऊक आहे. फोन वाजला आणि तातडीचा वाटला, तर मी उचलून ऐकते आणि नखानं दोनदा टकटक करते. म्हणजे ऐकलं, मागाहून बोलते. इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी देव घासत होते आणि चंदनचा फोन आला. मी कानाला लावला. "मॅडम, ते संदर्भांचं. आजच लेखकांना मेल टाकतो, तुमच्या नावानं. संपादकाच्या नावानं गेलेला बरा दिसतो. काही हरकत असेल तर आत्ताच सांगा." मी टकटक केलं. "ठीक आहे तर मग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आरती आटोपून मी फोन लावेपर्यंत मेल गेला होता. खाली माझं नाव, माझी पदवी, सगळं व्यवस्थित.

मी तशीच कार्यालयात गेले. चंदन चहा पीत होते.

"तो मेल मागे घ्या," मी म्हटलं.

"अहो, पण तुम्ही सकाळी हो म्हणालात ना?"

"मी काहीच म्हणाले नाही."

"तेच! हरकत असेल तर सांगा म्हटलं, तुम्ही नाही सांगितलं. उलट टकटक केलंत. मला वाटलं, तुम्ही कॉम्प्युटरवर बसलाय, कामात आहात."

"डॉक्टर, पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. ते मौन देवासाठी आहे, तुमच्यासाठी नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. क्षणभर खरोखरच ओशाळले. मग म्हणाले, "बरं, गैरसमज झाला. सॉरी. पण मेल गेलाय आणि लेखकांची उत्तरंही यायला लागलीयत. सगळे तयार आहेत. तुमची ती रसिकासुद्धा."

ते मात्र मला लागलं.

रसिका आमच्याच भागातली मुलगी. उत्तनकडच्या डोंगरीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवतात, त्या जागेवर तिनं चार हंगाम काम केलंय. बांबू रोवून दोऱ्या ताणतात, त्यावर बोंबील. कुठल्या बाईच्या दोऱ्या कुठं, हे ठरलेलं असतं आणि ती जागा सासूकडून सुनेकडे जाते. कुठंही कागद नाही, सातबारा नाही, तरी भांडण नाही. तिनं ते इतकं नीट लिहिलं होतं, की वाचताना मासळीचा वास यावा. आणि मी तर माळकरी घरातली.

तिला फोन केला. म्हटलं, ते संदर्भ काढून टाक, मेल माझा नव्हता.

"मॅडम, राहू द्या ना," ती म्हणाली. "मी घातलेत. मेल आल्याबरोबर बसून घातलेत."

"कुणाचे घातलेस?"

"पारकरांचा तो इमारतींतल्या जिन्याखालच्या जागेवरचा लेख आहे ना, कोण स्कूटर ठेवतं, कोण सायकल... तो बसला. बाकीचे चार इकडे तिकडे टाकले. मॅडम, पाच नावं आहेत फक्त. पाच नावांनी बोंबील बदलत नाहीत."

"तू जे वाचलं नाहीस, ज्याचा आधार घेतला नाहीस..."

"मला महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. छापलेला लेख जोडल्याशिवाय घेत नाहीत. जर्नलच बंद झालं तर मी कुठं जाऊ? दुसरीकडे दीड वर्षाची रांग आहे." मग थांबून म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात, मॅडम. माझी अजून सुरुवात व्हायचीय."

तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. मग म्हटलं, "ठीक आहे. तुझा लेख, तुझा निर्णय. पण जे छापायचं ते वाचायचं. रविवारी डोंगरीला वाचन आहे, तिथं हेच वाच. रेघ न रेघ."

"संदर्भ पण?"

"संदर्भ पण."

चंदनना कळलं तेव्हा ते खूश झाले. "मीपण येतो. फोटो चांगले निघतील. सामाजिक प्रभाव म्हणून अहवालाला जोडू."

वाचन देवळाच्या मंडपात ठेवलं होतं. बाया मासळी आवरून, हातपाय धुऊन आल्या होत्या. पुढं कमळाबाई, रसिकाच्या लेखाचा अर्धा भाग त्यांच्या तोंडून आलेला. खांबाला टेकून त्यांचे दीर आत्माराम. चंदनना कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची दिली, मी खाली सतरंजीवर बसले.

रसिका वाचायला लागली. सुरुवात झकास झाली. आपल्या दोऱ्यांची, आपल्या सासवांची नावं ऐकून बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "आयला, ह्ये बी लिवलंस?" असं कुणी म्हणे, आणि हशा. चंदन उठून फोटो काढत होते.

मग ते वाक्य आलं. रसिकानं ते जरा घाईनंच वाचलं. "सामायिक जागेवरचा असा अलिखित हक्क हा तात्पुरत्या स्वरूपाचा असतो, हे पारकर यांनीही दाखवून दिलं आहे."

"थांब गो," कमळाबाई म्हणाल्या. "काय म्हनलीस?"

रसिकानं परत वाचलं, या वेळी हळू.

"तात्पुरता कोन म्हनला?"

"मी नाही, मावशी. ते पारकर."

"कोन पारकर? हितं कवा आला व्हता?"

रसिकानं माझ्याकडे बघितलं.

"माज्या सासूच्या सासूची जागा हाय ती. तिच्या आदी तिच्या सासूची. तात्पुरती हाय काय? म्हंजे उद्या कोनी उटवलं तर उटायचं?"

खांबाजवळून आत्माराम म्हणाले, "वैनी, त्यो मोजनीवालाच आसंल. गेल्या म्हैन्यात टेप घेऊन फिरत न्हवते दोगं? मी तवाच बोललो, ह्यांनी कायतरी लिवून नेलंय."

झालं. मंडपात कालवा उठला. "पारकरला बोलवा." "आमच्या जाग्यावर लिवलं आनि आमाला वाचून न्हाय दाखवलं?" "त्याचा कागद आना आदी, मंग तुजा बगू." एक म्हातारी तर उठून चालायलाच लागली. हातातली पानं रसिकानं छातीशी धरली होती. तिला आता दिसलं होतं, मला तिच्याही आधी एक क्षण दिसलं होतं. पारकरांनी जिन्याखालच्या स्कूटरींबद्दल 'तात्पुरता' म्हटलं होतं, ते तिथं अगदी बरोबर होतं. सोसायटीची मीटिंग झाली की स्कूटर हलते. पण तेच वाक्य डोंगरीच्या किनाऱ्यावर आणून ठेवलं, की उद्या कुणीही वकील ते उचलून दाखवेल. बघा, तुमच्याच अभ्यासकांनी लिहिलंय.

चंदन पुढं आले. "मावशी, ऐका जरा. हे तांत्रिक आहे. यानं जर्नल मोठं होणार, म्हणजे तुमचंपण नाव मोठं होणार."

"माजं नाव मोटं करून काय करू, बाबा?" कमळाबाई म्हणाल्या. "रेशनच्या दुकानात दाखवू?"

मी उभी राहिले. मला ओरडता येत नाही, म्हणून नुसती उभी राहिले. कमळाबाईंनी मागं वळून "गप ऱ्हा गो समद्या, बाय बोलतेय" म्हटलं, तेव्हा कुठं शांत झालं.

"पारकर इथं आलेच नव्हते," मी म्हणाले. "ते मोजणीवाले नाहीत. भाईंदरला इमारतींच्या जिन्याखाली कोण स्कूटर ठेवतं, त्यावर त्यांनी लिहिलंय. चांगलं लिहिलंय. तुमच्या जागेशी त्याचा काही संबंध नाही."

कमळाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग आमच्या बोंबलात त्याची स्कूटर कशाला घातली?"

पहिल्यांदा एक बाई फिसकन हसली आणि मग सगळा मंडपच. आत्मारामही हसले. चंदनसुद्धा हसायला लागले आणि मध्येच थांबले.

मी मात्र सांगून टाकलं. "आमच्या जर्नलमधल्या लेखकांची नावं आमच्याच लेखांत जास्तीत जास्त आली, की आमचा एक आकडा वाढतो. तो वाढावा म्हणून घातली. लेखकांना तसं सांगणारं पत्र माझ्या नावानं गेलंय. ते मी पाठवलेलं नाही, पण नाव माझं आहे, म्हणून निस्तरणार मीच. हे वाक्य छापलं जाणार नाही."

"मॅडम!" चंदन दबक्या आवाजात म्हणाले. "इथं नका ना हे."

"इथंच, डॉक्टर. यांच्याच जागेविषयी आहे."

रसिका खाली बसली होती. तिनं कुणी सांगायच्या आत पेन काढलं आणि पारकरांच्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग पानं उलटून उरलेल्या चारांवर. शेवटची रेघ मारताना कागद फाटला. मग तिनं तो परिच्छेद पहिल्यापासून वाचला, जसा तिनं मूळ लिहिला होता. 'ही जागा कुणाच्या नावावर नाही आणि म्हणूनच ती कुणाला विकता आलेली नाही.' कमळाबाईंनी मान हलवली. "हां. आसं."

परतीला चंदननी गाडीत बसवलं. रसिका मागं, खिडकीकडे तोंड करून. उत्तनचा नाका मागं पडला तेव्हा चंदन म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. पारकर नडले, मान्य. पारकर काढा, चार ठेवा. त्या चारांवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं."

"त्यांच्यापर्यंत वाचन पोचलंच नाही म्हणून नव्हतं."

"सगळ्यांचे सगळे काढलेत, तर आकडा परत शून्य पूर्णांक एकवर येईल."

"येऊ दे."

"मग मला ईश्वरभाईंना सांगावं लागेल."

"सांगा. मीही येते."

मागून रसिका म्हणाली, "सर, मला इथंच उतरवा." आणि उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंक कधी काढताय, मॅडम? मला महिनाअखेर हवाय." राग होताच आवाजात. पण 'माझा लेख काढून घ्या' असं काही ती म्हणाली नाही.

त्या आठवड्यात मी अंकातल्या सगळ्या लेखकांना एकेक करून फोन केला. दोघांनी संदर्भ आनंदानं काढले. एकजण म्हणाला, "बाई, मला वाटलं तुम्हीपण आता त्याच लाइनला लागलात." एकानं काढायला नकार दिला, तेव्हा त्याचा लेख मी पुढं ढकलला. अंक लावला. रसिकाचा लेख पहिला. आणि पहिल्या पानावर चार ओळी घातल्या: 'संपादकाच्या नावाने लेखकांना एक सूचना गेली होती, की याच जर्नलमधील लेखांचे संदर्भ घालावेत. ती सूचना मी मागे घेते. या अंकातील असे सर्व संदर्भ काढले आहेत. त्यामुळे आमचा इम्पॅक्ट फॅक्टर कमी राहील. तो पुढीलप्रमाणे आहे.' आणि खाली आकडा. शून्य पूर्णांक एक. जरा मोठ्या टायपात.

बोलावणं आलं ते अंक वेबसाइटवर गेल्यावरच. ईश्वरभाईंच्या केबिनमध्ये चंदन आधीच बसले होते, अंक उघडून.

"बेसो, मृणालिनीबेन," ईश्वरभाई खुर्चीकडे हात करून म्हणाले. "अरे, तुम्ही तर कधी आवाजपण नाही करत. आणि हे काय केला? संस्थाची बदनामी करून टाकली."

"संस्थेचं नाव त्यात कुठंही नाही. माझ्या नावानं पत्र गेलं होतं, माझ्या नावानं परत घेतलं."

"पण आकडा छापायची काय गरज होती?" चंदन म्हणाले. खरंच दुखावले होते ते. "लोक चांगला आकडा छापतात, मॅडम. असला लपवतात."

"तुम्हीच म्हणालात ना, आकडा महत्त्वाचा आहे."

ईश्वरभाईंना हसू आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "ऐका बेन. ट्रस्टीलोकांना मी काय जवाब देऊ? चंदनभाई बोलतात, एकच्या वर नाही गेला तर याच्यात पैसा घालायचा मतलब नाही. सगळी दुनिया असंच करते. तुम्ही एकट्या नाही केलं तर कोणाला फरक पडणार?"

"डोंगरीत एका वाक्यानं पडला असता. डॉक्टर होते तिथं, त्यांना विचारा."

चंदननी मान वर केली. मग सावकाश म्हणाले, "ते वाक्य जायलाच नको होतं. तेवढं मी मानतो."

"तेवढंच नाही," मी म्हटलं. "पाचही. आणि पुढच्या अंकात पन्नास आले असते, तर पन्नासही. आणि तुम्ही पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या नावानं पत्र काढलंत, तर मी तेही छापीन."

"तुम्हाला काढावं लागेल मग," ईश्वरभाई म्हणाले. धमकी नव्हती. एखादा जुना पंखा काढावा लागेल, असं म्हणावं तसं म्हणाले.

"काढा. ठराव करा, लिहून द्या, मी खुर्ची सोडते. पण खुर्चीत आहे तोवर अंक असाच निघेल. आणि जर्नल बंद केलंत, तर मी दुसऱ्या नावानं काढीन. टेबल माझ्या घरी आहे. लेखक माझे आहेत. नियमही माझ्याकडेच आहे."

माझा आवाज तेवढाच होता, नेहमीचा. पण केबिनचं दार उघडं होतं आणि बाहेर क्लार्कचं टायपिंग थांबलं होतं.

ईश्वरभाईंनी टेबलावरची डायरी उघडून पानं चाळली. "मार्चमध्ये मीटिंग आहे," शेवटी म्हणाले. "तेव्हा बघू. तोपर्यंत..."

माझ्या पिशवीत फोन थरथरला. रसिकाचा मेसेज. प्रबंध दिला, लेख जोडलेला घेतला. खाली दुसरी ओळ: 'कमळाबाई विचारतायत, प्रती किती मिळतील.' मी तो ईश्वरभाईंसमोर धरला. त्यांनी वाचला आणि चंदनकडे सरकवला.

"हे मोजतात का कुठं?" ईश्वरभाईंनी विचारलं.

"नाही," चंदन म्हणाले.

शिपायानं चहा आणला. ईश्वरभाईंनी कप माझ्यापुढं केला. "घ्या, बेन. उपास तर नाही ना आज?"

"उपास नाही. पण वेळही नाही," मी उठत म्हटलं. "मिठागरांवरचा लेख आलाय, त्याचं पहिलं वाचन ठरवायचंय. पुढचा अंक मार्चच्या आधी काढायचाय."